शिष्यवृत्ती खात्यात येते तेव्हा

पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निदान तीन जणांना पैसे द्यावे लागतात. घरमालक, मेसवाला आणि अभ्यासिकेचा चालक. या तिघांचाही हिशेब महिन्याचा असतो. त्याच विद्यार्थ्याला शासनाकडून मिळणारी शिष्यवृत्ती मात्र महिन्याच्या हिशेबाने येत नाही. ती वर्षातून एकदा, फार तर दोन-तीन तुकड्यांत येते आणि नेमकी कधी येईल हे अर्ज भरताना कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला हा प्रकार तसा अपरिचित नाही. पीकही असेच वर्षातून एक-दोनदा हाती येते आणि तोवर घर उधारीवर चालते. फरक इतकाच, की गावातला दुकानदार सुगीपर्यंत थांबतो. शहरातला मेसवाला दुसऱ्या महिन्यात डबा बंद करतो.

राज्यातील लाखो विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे गणित या एका रकमेवर बेतलेले असते. तरीही ती रक्कम कोणत्या वाटेने येते, कुठे अडते आणि आल्यावर तिच्यातील किती पैसा खरोखर आपला असतो, याची माहिती अनेकांना पदवी हाती येईपर्यंत होत नाही. अर्ज कसा भरावा याचे मार्गदर्शन दरवर्षी होते. पैसे आल्यानंतर काय करावे याचे सहसा होत नाही. वास्तविक गेल्या काही वर्षांत झालेल्या एका बदलामुळे हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

रोखीपासून खात्यापर्यंत

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या देशातील सर्वात जुन्या योजनांपैकी एक. ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे आणि ती संपणे यांचा अर्थ काय असतो हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. पुढे लंडनमध्ये अभ्यास अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. तो अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी १९२० साल उजाडले. शंभर वर्षांपूर्वीची ती शिष्यवृत्ती दरमहा मिळत होती, ही बाब आजच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशीच आहे.

महाविद्यालयांत ‘जीओआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी भारत सरकारची ही शिष्यवृत्ती कित्येक वर्षे महाविद्यालयाच्या कार्यालयातून वाटली जाई. विद्यार्थ्याने खिडकीवर जायचे, नोंदवहीत सही करायची आणि धनादेश किंवा रोख रक्कम घ्यायची. या पद्धतीत गैरप्रकारांना भरपूर वाव होता. बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती लाटल्याच्या तक्रारींवरून महाराष्ट्रात विशेष तपास पथकही नेमावे लागले. लाभार्थ्याच्या खात्यात थेट पैसे जमा करण्याची, म्हणजेच डीबीटीची, पद्धत केंद्राने १ जानेवारी २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आणली आणि पहिल्या टप्प्यातच तिच्यात शिष्यवृत्त्यांचा समावेश होता. महाराष्ट्रात २०१८ पासून ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावर सामाजिक न्याय, आदिवासी विकास, उच्च व तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण अशा निरनिराळ्या विभागांच्या मॅट्रिकोत्तर योजना एकवटल्या. केंद्राच्या काही योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळ वेगळे आहे.

पैसे थेट खात्यात येऊ लागल्याने मधला माणूस गेला, हे खरेच. परंतु मधल्या पायऱ्या गेल्या नाहीत. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांच्या मान्यतेने संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. तिथे मंजूर झाल्यावर देयक तयार होते आणि निधी उपलब्ध असेल तेव्हा रक्कम बँकेकडे निघते. वर्तमानपत्रांतून दरवर्षी ‘हजारो अर्ज महाविद्यालय स्तरावर प्रलंबित’ अशा मथळ्याच्या बातम्या येतात, त्या पहिल्या पायरीविषयीच्या असतात. अर्जात त्रुटी आढळली तर तो विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो. त्याची सूचना ज्या भ्रमणध्वनीवर जाते तो क्रमांक कित्येकदा विद्यार्थ्याचा नसतोच. अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याचा असतो. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्डही त्याच्याच वहीत. अशा अर्जाचे काय झाले हे विद्यार्थ्याला कळते ते मित्रांचे पैसे जमा झाल्यावर. म्हणूनच अर्ज कोणीही भरून दिला तरी त्यात क्रमांक स्वतःचाच असावा आणि निदान पंधरवड्यातून एकदा स्वतः संकेतस्थळावर जाऊन अर्जाची स्थिती पाहावी.

त्रुटींमध्ये नावाची त्रुटी सर्वात चिवट. महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. त्यात कुठे ‘भाऊ’, ‘राव’, ‘बाई’ जोडलेले, कुठे गाळलेले. बँकेच्या खातेपुस्तकावर तिसराच प्रकार. हे सगळे प्रवेशाच्या धावपळीत दुरुस्त होत नाही. ज्याला शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा आहे त्याने अकरावी-बारावीच्या वर्षातच ही तिन्ही नावे जुळवून घेतलेली बरी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी लागणारे जात वैधता प्रमाणपत्र यांनाही हेच लागू आहे.

आधार जोडले, पण कुठे?

अर्ज मंजूर झाला, देयक निघाले, तरीही पैसे आले नाहीत, असे सांगणारा विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात भेटतो. बँकेत विचारले तर उत्तर मिळते, ‘आधार लिंक आहे.’ समाजकल्याण कार्यालयात विचारले तर उत्तर मिळते, ‘आधार लिंक नाही.’ गंमत अशी, की दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात.

बँकेच्या स्वतःच्या संगणकात खात्यापुढे आधार क्रमांक नोंदवणे ही एक गोष्ट. ती ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी असते. शासकीय लाभासाठी तेवढे पुरत नाही. त्यासाठी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, यांच्याकडे असलेल्या नोंदीत त्या आधार क्रमांकासमोर त्या बँकेचे नाव चढावे लागते. याला ‘आधार सीडिंग’ म्हणतात. शासन पैसे पाठवते तेव्हा ते खाते क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावर पाठवते. एनपीसीआयच्या नोंदीत ज्या बँकेचे नाव असेल तिथे ती रक्कम जाते आणि मग ती बँक ती आपल्याकडील खात्यात जमा करते. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक काहीही असला तरी या वाटेने येणारा पैसा तिकडे वळून पाहत नाही.

या रचनेत एक मेख आहे. एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते आणि सर्वात अलीकडे नोंदवलेले नाव आधीच्या नावाची जागा घेते. लातूरच्या ग्रामीण बँकेत खाते असलेली मुलगी पुण्यात येते, वसतिगृहाजवळच्या बँकेत किंवा भ्रमणध्वनीवरच्या एखाद्या पेमेंट बँकेत पाच मिनिटांत नवे खाते उघडते आणि अर्जातील ‘शासकीय लाभ या खात्यात मिळण्यास संमती’ या ओळीसमोरच्या चौकटीत नकळत खूण करते. त्या क्षणापासून तिची शिष्यवृत्ती नव्या खात्यात जाऊ लागते. ती वाट पाहत असते गावाकडच्या खात्याची. पैसे हरवलेले नसतात. ती ज्या खात्यात पाहत नाही तिथे पडून असतात. २०१७ साली एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या पुरेशा संमतीविना खाती उघडली गेली आणि लक्षावधी लोकांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले, तेव्हा हा प्रकार देशभर गाजला होता. त्यानंतर नियम कडक झाले, पण न वाचता खूण करण्याची सवय मात्र तशीच राहिली.

आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे पाहण्याची सोय आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहे. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक टाकला की बँकेचे नाव, जोडणी चालू आहे की बंद आणि ती शेवटची कधी बदलली, हे दिसते. जोडणी बदलायची असेल तर बँकेच्या शाखेत संमतीपत्र भरून देता येते. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही आता ती सोय झाली आहे. बँकेत गेल्यावर नुसते ‘आधार लिंक करा’ असे न म्हणता ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि आठवड्याने पुन्हा तपासून पाहावे. एवढी एक खबरदारी घेतली तर पुढचे कित्येक हेलपाटे वाचतात.

जमा झालेले सगळेच आपले नसते

आता वर उल्लेखिलेल्या बदलाकडे वळता येईल. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची फेररचना केली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता देण्यात आली आणि त्यातील ३५,५३४ कोटी, म्हणजे सुमारे ६० टक्के, केंद्राने उचलायचे ठरले; उरलेला ४० टक्के वाटा राज्यांचा. त्याआधीच्या सूत्रानुसार राज्यांवर मोठा बोजा पडत होता आणि काही राज्यांत योजना जवळजवळ ठप्प झाली होती. त्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच होता. पण त्याच निर्णयासोबत केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आली. त्या वाट्यात निर्वाह भत्ता तर असतोच, शिवाय महाविद्यालयाचे शुल्कही असते. राज्याने आपला हिस्सा दिल्यानंतरच केंद्र आपला हिस्सा सोडते. त्यामुळे रक्कम एकाच वेळी न येता वेगवेगळ्या दिवशी, कधी काही महिन्यांच्या अंतराने येते.

याचा प्रत्यक्षातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वसतिगृहात राहून अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे मान्य शुल्क वर्षाला ८०,००० रुपये आहे. केंद्राने २०२१-२२ पासून लागू केलेल्या दरांनुसार पदवी व पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याचा वार्षिक भत्ता १३,५०० रुपये आहे. दोन्हींचा ६० टक्के वाटा धरला तर त्याच्या खात्यात एके दिवशी ५६,१०० रुपये जमा होतात. घरात एवढी रक्कम एकत्र कोणी क्वचितच पाहिलेली असते. परंतु त्यातील ४८,००० रुपये महाविद्यालयाचे आहेत. त्याचे स्वतःचे आहेत ते ८,१००. महाविद्यालयाचा वाटा सात दिवसांच्या आत भरावा अशी अट आहे आणि समाजकल्याण विभाग दरवर्षी त्याची आठवण करून देणारी आवाहने काढतो. बँकेच्या लघुसंदेशात मात्र कोणती रक्कम शुल्काची आणि कोणती भत्त्याची, हे लिहिलेले नसते. तो फक्त एकूण आकडा सांगतो.

इथेच घसरण सुरू होते. वर्षभराची मेसची थकबाकी, मित्राकडून घेतलेले उसने, वडिलांच्या आजारपणात काढलेले कर्ज, बहिणीच्या लग्नाचा खर्च, बियाण्यांची उधारी अशी सगळी देणी त्या ५६,१०० रुपयांकडे डोळे लावून बसलेली असतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने बापाला ‘हे पैसे आपले नाहीत’ असे सांगायचे, ही अपेक्षा कागदावर सोपी दिसते. पैसे खर्च होतात आणि दोन महिन्यांनी परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी महाविद्यालय थकीत शुल्क मागते. तेव्हा तो विद्यार्थी बेजबाबदार ठरतो. प्रामाणिकपणे पाहिले तर चैनीसाठी शिष्यवृत्ती उडवणाऱ्यांपेक्षा उशिरा आलेल्या पैशाने आधीची भूक फेडणाऱ्यांची उदाहरणे महाविद्यालयीन कार्यालयांत अधिक ऐकू येतात.

शैक्षणिक कर्जात बँक शुल्काची रक्कम थेट संस्थेला देते आणि विद्यार्थ्याच्या हाती फक्त राहण्या-खाण्याचा खर्च पडतो. शिष्यवृत्तीतही तसेच करावे, असे संस्थाचालकांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. पण पूर्वी शुल्काचा पैसा थेट संस्थांना जात होता तेव्हा बोगस प्रवेशांचे पीक आले, हाही इतिहास आहे. तेव्हा विद्यार्थ्याच्या हातून पैसे गेल्याने निदान तो विद्यार्थी अस्तित्वात आहे एवढे तरी सिद्ध होते, असा या पद्धतीमागील विचार. दोन्ही बाजूंचा अनुभव लक्षात घेता आजची व्यवस्था फार वाईट नाही. वाईट आहे ते तिच्याविषयीचे मौन. प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयाने विद्यार्थ्याला एका कागदावर मान्य शुल्क किती, त्यात केंद्राचा वाटा किती, राज्याचा किती आणि भत्ता किती, असा हिशेब लिहून दिला तर अर्धे वाद उद्भवणारच नाहीत.

तसा कागद मिळाला नाही तर तो मागून घ्यावा, कारण महाविद्यालयाची पावती आणि शिष्यवृत्तीतील मान्य शुल्क यांत फरक असतो. ग्रंथालयाची किंवा प्रयोगशाळेची परत मिळणारी अनामत रक्कम शिष्यवृत्तीत धरली जात नाही. मेसचे पैसेही नाहीत. हा फरक विद्यार्थ्यालाच भरावा लागतो आणि त्याची तजवीज आधी केलेली नसली की तो भत्त्यातून वळता होतो.

प्रत्येक योजनेचा पैसा वेगळा

एकाच वर्गातील चार शिष्यवृत्तीधारकांच्या खात्यांत चार निरनिराळ्या प्रकारची रक्कम येऊ शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्याला शुल्क व भत्ता दोन्ही मिळतात. त्याहून अधिक उत्पन्न असेल तर राज्याच्या फ्रीशिप योजनेतून शुल्काचा भार उचलला जातो, पण निर्वाह भत्ता नसतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आहे. तिच्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सर्वसाधारणपणे शिक्षण शुल्काचा निम्मा भाग परत मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील याच उत्पन्नगटाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काची शंभर टक्के सवलत देण्यात आली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ असा त्याचा गवगवा झाला खरा. पण ही सवलत शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती आहे. खोलीचे भाडे आणि डबा त्यात नाही.

खोली आणि डबा यांचा विचार करणाऱ्या योजना वेगळ्या आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत राहणाऱ्याला त्यात वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे एकूण ६०,००० रुपये मिळतात. त्याखालोखालच्या महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीच्या आहेत. हा पैसा पूर्णपणे विद्यार्थ्याच्या राहण्या-खाण्याचा. त्याच्याशी महाविद्यालयाचा संबंध येतो तो हजेरीपुरता. ७५ टक्के उपस्थिती नसेल तर पुढचा हप्ता अडतो. भाड्याने राहत असल्याचा पुरावाही मागितला जातो, म्हणून घरमालकाशी केलेला करारनामा आणि दरमहाच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. पुष्कळ घरमालक पावती द्यायला नाखूश असतात, हेही वास्तव आहे. निदान भाडे रोखीने न देता खात्यातून दिले तर बँकेच्या उताऱ्यावर त्याची नोंद राहते.

दरांकडे पाहिले की एक विसंगती डोळ्यांत भरते. बी. ए. किंवा बी. कॉम. करणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा मॅट्रिकोत्तर भत्ता वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला अडीचशे. वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. एवढ्या रकमेचे नियोजन काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उद्धट म्हणता येणार नाही. तालुक्याच्या गावी एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाला त्यातून पास आणि वह्या-पुस्तके यांचा कसाबसा मेळ घालावा लागतो.

बारा महिन्यांत वाटायचे पैसे

स्वाधारसारखी रक्कम हाती येणाऱ्याची अडचण निराळी. ६०,००० रुपयांना बाराने भागले की महिन्याला ५,००० होतात. परंतु पहिल्या सत्राचा पैसा दुसऱ्या सत्रात आला तर तो बाराने भागण्यासाठी शिल्लकच राहत नाही. मागची देणी फेडण्यात जातो. म्हणून जाणते विद्यार्थी पैसे आल्याच्या दिवशी आधी तीन वाटे करतात. महाविद्यालयाचा वाटा त्याच आठवड्यात भरून पावती घेतात. मागची देणी फेडतात. उरलेली रक्कम दुसऱ्या बचत खात्यात किंवा अल्प मुदतीच्या ठेवीत ठेवून तिच्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच खर्चाच्या खात्यात आणतात. खर्चाचे खाते आणि यूपीआयचे खाते एकच ठेवायचे आणि शिष्यवृत्तीचे खाते यूपीआयला जोडायचेच नाही, हा उपाय साधा असला तरी तो बराच उपयोगी पडतो. चहाचे दहा-दहा रुपये ज्या खात्यातून जातात त्याच खात्यात शुल्काचे ४८,००० रुपये असू नयेत.

हप्त्यावर घेतलेला भ्रमणध्वनी हा आणखी एक कळीचा विषय. हप्ते ज्या खात्यातून आपोआप वळते होतात ते शिष्यवृत्तीचे खाते असेल, तर पैसे जमा झाल्याबरोबर आधी थकलेले हप्ते आणि दंड त्यातून जातात. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाचेही तसेच. यावर मार्ग आहे. मूलभूत बचत ठेव खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते, आणि असे खाते देणे बँकांना बंधनकारक आहे. शिष्यवृत्तीसाठी खाते उघडताना याच प्रकारचे खाते मागावे. मात्र असे खाते असणाऱ्याला त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

शिष्यवृत्ती जमा होण्याच्या हंगामात फसवणुकीचे दूरध्वनीही येऊ लागतात. ‘तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, सोडवण्यासाठी सांकेतिक क्रमांक सांगा’ किंवा ‘एक रुपया पाठवून खाते पडताळून घ्या’ असे सांगणारा माणूस शासनाचा नसतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा गुप्त अंक टाकावा लागत नाही. तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

अडले तर कुठे जावे

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क वसूल करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही खासगी महाविद्यालयांत ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आल्यावर परत देऊ’ असे सांगितले जाते. अशा वेळी तोंडी वाद घालण्याऐवजी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे पाठवावी. योजना अन्य विभागाची असेल तर त्या विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे. शुल्क थकले म्हणून मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याची मुभा संस्थांना नाही; विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली तशी अधिसूचना काढली आहे. अर्थात विद्यार्थ्याने आलेला वाटा भरला असेल तरच या तक्रारीला वजन येते. भरलेल्या वाट्याची पावती आणि बँकेचा उतारा एकत्र लावला की बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात.

पैसे बँकेपर्यंत येऊन परत गेल्याचे आढळले तर कारण बहुधा तीनपैकी एक असते. आधारची जोडणी बंद पडलेली, खाते बंद झालेले किंवा ओळखपडताळणी जुनी झालेली. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते बँका निष्क्रिय ठरवतात, आणि वर्षातून एकदाच पैसे येणाऱ्या विद्यार्थ्याला याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकात शिष्यवृत्ती आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांना हा निकष लावू नये, असे सांगितले आहे. शाखेतील कर्मचाऱ्याला हे परिपत्रक ठाऊक नसेल तर त्याची छापील प्रत सोबत नेलेली चांगली. बँकेने दाद दिली नाही तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती प्राप्तिकरातून मुक्त आहे. तेव्हा मोठी रक्कम खात्यात दिसली म्हणून कोणाच्या पालकांनी घाबरण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या अर्जासाठी मात्र याच वर्षाची गुणपत्रिका, शुल्काची पावती आणि मुदतीत असलेला उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते आणि जूनमध्ये तहसील कार्यालयासमोर प्रवेशेच्छुकांच्या रांगा लागतात. एप्रिल-मे महिन्यांत तिथे फारशी गर्दी नसते.